लंबकावरून काढलेले जीचे मूल्य १०.५ येते, चूक नेमकी कोठे शोधावी?

सातारकर_बाबा
नमस्कार. माझी मुलगी यंदा अकरावीला विज्ञान शाखेत आहे. साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे जी, काढण्याचे प्रात्यक्षिक तिने गेल्या आठवड्यात महाविद्यालयात केले आणि चार वाचनांवरून आलेल्या मूल्यांची सरासरी १०.५ निघाली. "९.८ च्या जवळपास येतील असे आकडे लिहून आणा, म्हणजे सही करतो," असे तिला सांगण्यात आले. शेजारच्या गटाने तसे केले आणि त्यांच्या जर्नलवर सहीही झाली. आमची कन्या मात्र हटून बसली आहे की, आपण मोजले तेच लिहिणार आणि चूक असेल तर ती सापडल्याशिवाय आकडा बदलणार नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस असल्यामुळे गुणाकार-भागाकार तपासण्यापलीकडे माझी मजल जात नाही. ते मी दोनदा पडताळले असून बरोबर आहेत.

मांडणी अशी होती. स्टँडच्या चिमट्यात मधोमध चिरलेले बूच, त्या चिरेत आवळलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला हूक असलेला पितळी गोळा. बुचाच्या खालच्या कडेपासून हुकाला मारलेल्या गाठीपर्यंतचा दोरा मीटरपट्टीने मोजला, गोळा चार बोटे बाजूला नेऊन सोडला आणि वीस दोलनांचा वेळ मोबाइलवरच्या स्टॉपवॉचने घेतला. वाचने पुढीलप्रमाणे आहेत.

दोरा ४० सेंमी, वेळ २४.७ सेकंद, जी १०.३५
दोरा ६० सेंमी, वेळ ३०.१ सेकंद, जी १०.४६
दोरा ८० सेंमी, वेळ ३४.६ सेकंद, जी १०.५५
दोरा १०० सेंमी, वेळ ३८.५ सेकंद, जी १०.६५

जी काढण्यासाठी पायच्या वर्गाची चौपट, म्हणजे ३९.४८, घेऊन तिला मीटरमधील लांबीने गुणले आणि दोलनकालाच्या, म्हणजे एका दोलनाला लागणाऱ्या वेळाच्या, वर्गाने भागले. चूक कोठे असावी?

चहा_आणि_गणित
हवेच्या विरोधामुळे असे होत असावे. गोळा हलका असेल तर हवा त्याला अडवते. अधिक जड गोळा घेऊन पाहावे आणि खिडक्या बंद ठेवाव्यात, असे मी सुचवेन.

शून्यापासून
हवेकडे बोट दाखवण्याआधी चूक कोणत्या दिशेची आहे ते पाहू या. सूत्रात दोलनकालाचा वर्ग छेदात आहे, म्हणून जी जास्त आला याचा अर्थ दोलनकाल खऱ्यापेक्षा कमी धरला गेला, किंवा लांबी खऱ्यापेक्षा जास्त धरली गेली. हवा लंबकाचा दोलनकाल वाढवते, कमी करत नाही. गोळा जास्त कोनातून सोडला तरीही दोलनकाल वाढतोच. म्हणजे हे दोन्ही नेहमीचे आरोपी दोषी असते तर उत्तर ९.८ पेक्षा कमी यायला हवे होते. शिवाय चुकीचा आकारही पाहावा. १०.५ आणि ९.८ यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ सुमारे १.०३५ येते. दोलनकालात साडेतीन टक्क्यांची तूट पितळी गोळ्याभोवतीची हवा घडवू शकत नाही.

एक प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर मुलीकडूनच घ्यावे. स्टॉपवॉचची कळ दाबली त्या क्षणी मोजणाऱ्याच्या तोंडून कोणता आकडा निघाला?

सातारकर_बाबा
विचारले. मोजण्याचे काम तिच्या मैत्रिणीकडे होते. कळ दाबताना ती "एक" म्हणाली, गोळा पुन्हा त्याच जागी आला तेव्हा "दोन", आणि "वीस" म्हणताच घड्याळ थांबवले. यात काय बिघडले?

शून्यापासून
पहिले दोलन पूर्ण होण्याआधीच त्याची नोंद झाली. "एक" म्हटले तेव्हा पूर्ण झालेली दोलने शून्य होती, "दोन" म्हटले तेव्हा एक, आणि "वीस" म्हटले तेव्हा एकोणीस. मैत्रिणीला दोष देऊ नये, कारण आपली भाषाच असे मोजते. सोमवारी आलेल्या माणसाला आपण "आठ दिवसांनी या" म्हणतो आणि तो पुढच्या सोमवारी येतो. मधली अंतरे सात, पण आजचा दिवस धरून मोजल्यामुळे आकडा आठ. बोलण्यात हे चालून जाते, कारण ऐकणाराही तसाच मोजतो. सूत्र मात्र तसे मोजत नाही. प्रयोगात "तीन, दोन, एक, शून्य" असे उलटे मोजत यावे आणि "शून्य" म्हणताना कळ दाबावी.

वाचने फेकून देण्याची गरज नाही. त्याच वेळांना वीसऐवजी एकोणिसाने भागावे. माझ्या हिशेबाने जीची मूल्ये अनुक्रमे ९.३४, ९.४४, ९.५२ आणि ९.६२ येतात आणि सरासरी ९.४८. थोडक्यात, आता आपण दुसऱ्या बाजूला पडलो आहोत.

चहा_आणि_गणित
मग माझी हवा परत आली म्हणायची. आता मूल्य कमी आहे, आणि हवेने ते कमीच व्हायला हवे असे आपणच म्हणालात.

शेवग्याची_शेंग
मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि हे प्रात्यक्षिक दरवर्षी पाहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सरासरी काढण्याची घाई केल्यामुळे या आकड्यांमधील सर्वांत बोलकी गोष्ट झाकली गेली आहे. पहिल्या संदेशातील चार मूल्ये वरून खाली वाचावीत: १०.३५, १०.४६, १०.५५, १०.६५. एकोणिसाने भागल्यानंतरची चारही तशीच चढत गेली आहेत. एकाच खोलीत, एकाच तासात केलेल्या प्रयोगात दोरा लांब केल्याने पृथ्वीचे आकर्षण वाढण्याचे काही कारण नाही. हात थरथरल्यामुळे किंवा कळ उशिरा दाबल्यामुळे पडणारी चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते. ती अशी शिडी चढत नाही. म्हणजे येथे प्रत्येक वाचनात एकच चूक बसलेली आहे आणि आखूड दोऱ्याला ती जास्त झोंबते आहे.

अशी चूक लांबीचीच असू शकते. लंबकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी नव्हे. आधाराच्या बिंदूपासून गोळ्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर धरावे लागते, आणि या गटाने गाठीपर्यंतच मोजले. हुकाची उंची आणि गोळ्याची त्रिज्या सुटली. ही सुटलेली लांबी सर्व वाचनांत सारखी असली, तरी ४० सेंटिमीटरच्या मानाने ती मोठा हिस्सा ठरते आणि १०० सेंटिमीटरच्या मानाने लहान. म्हणूनच मूल्ये चढत जाताना दिसतात.

ती किती सुटली, हे गोळ्याला हात न लावता सांगता येते. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी मीटरमध्ये आणि उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग घेऊन आलेख काढावा. दुरुस्त केलेल्या दोलनकालांचे वर्ग १.६९, २.५१, ३.३२ आणि ४.११ येतात. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंतून रेषा काढली, तर लांबी ०.६० मीटरने वाढताना वर्ग २.४२ ने वाढतो, म्हणजे चढ सुमारे ४.०३. ३९.४८ ला या चढाने भागले की जी ९.८० येतो. येथे लांबीतील फरक वापरला जात असल्यामुळे सुटलेला तुकडा वजाबाकीत आपोआप निघून जातो. आता हीच रेषा डावीकडे वाढवावी. ती शून्यातून जात नाही. दोरा शून्य असतानाही वर्ग सुमारे ०.०८ उरतो. ०.०८ ला ४.०३ ने भागल्यास ०.०२ मीटर मिळतात. माझा अंदाज असा की, त्या गाठीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन सेंटिमीटरच्या आसपास निघेल. व्हर्निअरने मोजून कळवावे.

आणखी एक गंमत मुलीला करून पाहू द्यावी. वीसने भागलेल्या, म्हणजे चुकीच्याच दोलनकालांचा आलेख काढला तरी रेषा अक्षाला त्याच दोन सेंटिमीटरवर छेदते. फक्त चढ बदलतो आणि जी १०.८६ येतो. मोजणीच्या चुकीने सगळे वर्ग एकाच पटीत आक्रसले, म्हणून ती चूक चढात गेली. लांबीची चूक छेदबिंदूत गेली. सरासरीच्या एका आकड्यात या दोन विरुद्ध दिशांच्या चुका एकमेकींना काही अंशी खात होत्या, म्हणून १०.५ हे मूल्य प्रत्यक्षात जितके वाईट असायला हवे होते त्याहून बरे दिसत होते.

चहा_आणि_गणित
एक शंका आहे, आणि ती केवळ माझी बाजू राखण्यासाठी नाही. प्रत्येक वेळी गोळा चार बोटेच बाजूला नेला होता. दोरा आखूड असेल तर चार बोटांचा कोन मोठा होतो. कोन मोठा असेल तर दोलनकाल वाढतो आणि जी कमी येतो. म्हणजे आखूड दोऱ्याला कमी जी मिळण्याचे कारण कोनही असू शकेल की नाही?

शेवग्याची_शेंग
शंका उत्तम आहे आणि दिशाही बरोबर आहे. कोनाच्या चुकीनेही शिडी याच बाजूला चढली असती. म्हणून आता आकार तपासावा लागेल. चार बोटे म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर धरले, तर सर्वांत आखूड लंबकाला कोन साडेनऊ अंशांच्या आसपास येतो आणि सर्वांत लांब लंबकाला चार अंश. अंशांचे त्रिज्यी मापात (रेडियनमध्ये) रूपांतर करून त्याच्या वर्गाला सोळाने भागले, की दोलनकाल किती हिश्श्याने वाढला ते साधारण कळते. दहा अंशांना ही वाढ ०.१९ टक्के येते, वीस अंशांना पाऊण टक्क्याहून किंचित जास्त, तीस अंशांना पावणेदोन टक्के आणि नव्वद अंशांना मात्र, जेथे हे साधारण सूत्र अपुरे पडते, तब्बल अठरा टक्के. आपल्या प्रयोगात कोनामुळे पहिल्या आणि शेवटच्या जीमध्ये फार तर ०.३ टक्क्यांचा फरक पडेल. प्रत्यक्षात फरक जवळजवळ तीन टक्क्यांचा आहे. तेव्हा कोन निर्दोष नसला, तरी त्याचा वाटा दहाव्या हिश्श्याचा आहे.

"लहान कोन" घ्या असे पुस्तकात असते, पण किती लहान आणि का, हे कोणी सांगत नाही, त्यामुळे विद्यार्थी तो शब्द मंत्रासारखा लिहितात. गॅलिलिओनेही १६०२ मधील एका पत्रात मोठ्या आणि लहान झोक्यांना सारखाच वेळ लागतो असे प्रतिपादन केले होते. ते लहान झोक्यांपुरतेच खरे आहे, आणि वर्तुळाच्या कंसाऐवजी चक्रज (सायक्लॉइड) या वक्रावरून गोळा फिरला तर ते सर्व झोक्यांना खरे ठरते, हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७३ च्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले.

सातारकर_बाबा
मुलीने प्रयोगशाळेत जाऊन व्हर्निअरने मोजले. गोळ्याचा व्यास २.५२ सेंमी, म्हणजे त्रिज्या १.२६. गाठीपासून गोळ्याच्या माथ्यापर्यंत ०.७. बेरीज १.९६ सेंटिमीटर. आलेखाने सांगितलेले दोन सेंटिमीटर गोळ्यात खरोखरच सापडले, तेव्हा ती प्रयोगशाळेतच मोठ्याने ओरडली असे तिची मैत्रीण सांगते.

दोन सेंटिमीटर मिळवून नवी मूल्ये ९.८१, ९.७५, ९.७६ आणि ९.८१ आली. शिडी मोडली. सरासरी ९.७८. आता तिचा प्रश्न असा की, पुस्तकात ९.८ किंवा ९.८१ आहे, तेव्हा ९.७८ ला चूक म्हणायचे का?

शून्यापासून
उलट, महाराष्ट्रात ९.७८ ते ९.७९ हेच खऱ्याच्या अधिक जवळचे आहे. ९.८१ हा युरोपच्या अक्षांशांचा आकडा आहे. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला जी सुमारे ९.७८ आणि ध्रुवावर ९.८३ असतो, कारण पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते आहे. तरीही, मला साताऱ्याचा जी सापडला, असे तिने लिहू नये. हाताने कळ दाबताना सुरुवातीला आणि शेवटी मिळून एक-दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात. पस्तीस सेकंदांत ०.१५ म्हणजे ०.४ टक्के, आणि दोलनकालाचा वर्ग होत असल्यामुळे जीमध्ये ०.९ टक्के, म्हणजे जवळजवळ ०.०९. या प्रयोगाला ९.७८ आणि ९.८१ यांतला फरक दिसतच नाही. "९.८, अधिक-उणे ०.१" असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल.

कळ दाबण्याची जागाही महत्त्वाची आहे. बहुतेक जण गोळा टोकाला थांबतो तेथे कळ दाबतात, कारण तेथे तो थबकल्यासारखा दिसतो. पण थबकतो म्हणूनच तो नेमका कधी वळला हे डोळ्याला ठरवता येत नाही. मधल्या स्थितीत त्याचा वेग सर्वाधिक असतो. दोऱ्यामागे भिंतीवर खडूची उभी रेघ मारावी आणि दोरा ती एकाच दिशेने ओलांडताना मोजावे.

टोलेघड्याळ
मी चावीची भिंतीवरची घड्याळे दुरुस्त करतो, सूत्रांशी माझा संबंध कमी. पण वरील चर्चेतील बऱ्याच गोष्टी रोज हाताखालून जातात, म्हणून लिहितो.

घड्याळ मागे पडत असेल तर लंबकाच्या चकतीखालचा नट फिरवून चकती वर घ्यायची, पुढे जात असेल तर खाली सोडायची, एवढे सर्वांना ठाऊक असते. किती फिरवायचे, हे मी अनुभवाने करतो, परंतु हिशेब वरच्याच सूत्राचा आहे. ज्या लंबकाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद लागतो, म्हणजे ज्याचे पूर्ण दोलन दोन सेकंदांचे असते, त्याची लांबी मीटरला सेंटिमीटरभर कमी भरते. त्याची चकती एक मिलिमीटर खाली उतरली तर घड्याळ दिवसाला जवळजवळ पाऊण मिनिट मागे पडते. उन्हाळ्यात पोलादी दांडा दहा अंशांनी तापला तरी दिवसाला पाच सेकंद जातात. जुन्या घड्याळांत लाकडी दांडा का वापरत, याचे उत्तर येथे आहे. लाकूड धाग्याच्या दिशेने उष्णतेने फारच थोडे वाढते.

हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ घडवले. पुढे १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलनिरीक्षक पॅरिसमध्ये जुळवलेले घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला, तेव्हा ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि त्याला लंबक तीन मिलिमीटरांहून किंचित कमी एवढा आखूड करावा लागला. कायेन विषुववृत्ताजवळ आहे. तेथे जी कमी, हे वर शून्यापासून यांनी सांगितलेच आहे. गिऱ्हाईक "घड्याळ आमच्या गावी बरोबर होते" असे म्हणू लागले की मला रिशे आठवतो, जरी शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा घड्याळ भिंतीवर वाकडे टांगलेले असते आणि दोन ठोक्यांतले अंतर समान पडत नसते.

सातारकर_बाबा
सर्वांचे आभार. मुलीच्या वहीतले तीन प्रश्न उरले आहेत, ते जसेच्या तसे देतो. एक, गोळा दुप्पट जड घेतला तर त्याला खेचणारे बल दुप्पट होईल, मग तो लवकर का येत नाही? दोन, मधल्या स्थितीत गोळ्यावरील बल शून्य असते आणि दोऱ्यातील ताण वजनाएवढा असतो, असे मैत्रीण म्हणते. ते बरोबर आहे का? तीन, काही वेळाने गोळा सरळ रेषेत न झुलता लांबट वर्तुळात फिरू लागला. हे पृथ्वीच्या फिरण्यामुळे झाले का?

जुना_फळा
निवृत्त शिक्षक आहे, खडू सुटला तरी सवय सुटत नाही, तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

पहिल्या प्रश्नातच त्याचे उत्तर अर्धे दडलेले आहे. बल दुप्पट होते हे खरे, पण हलवायचे वस्तुमानही दुप्पट होते. त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान, म्हणून ते होते तेवढेच राहते. हे इतके सरळ वाटते की त्यात काही विशेष आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. पृथ्वी ज्या प्रमाणात वस्तूला ओढते ते वस्तुमान आणि वस्तू ज्या प्रमाणात वेगबदलाला विरोध करते ते वस्तुमान, या दोन कल्पना वेगळ्या आहेत. त्यांचे आकडे जुळतातच हे प्रयोगाने पाहावे लागते. न्यूटनने ते लंबकांवरच पाहिले. त्याने अकरा फूट दोऱ्यांना दोन सारख्या लाकडी डब्या टांगल्या, एकीत लाकूड आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचे सोने ठेवले, आणि त्या शेजारी शेजारी झुलू दिल्या. नंतर चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, पाणी आणि गहूही घेतला. डब्या सारख्या ठेवल्या म्हणजे हवेचा विरोधही सारखा राहतो, हा त्यातला बारकावा. डब्या बराच वेळ बरोबरीने झुलत राहिल्या.

दुसऱ्या प्रश्नात मैत्रिणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि या अर्ध्यामुळेच परीक्षेत सर्वाधिक गुण जातात. गोळ्यावर दोनच बले असतात: खाली ओढणारे वजन आणि दोऱ्याच्या दिशेने ओढणारा ताण. वजनाचे दोन घटक पाडावेत. गोळ्याच्या मार्गाच्या दिशेचा घटक त्याला मध्याकडे परत आणतो, आणि मध्यावर हा घटक शून्य होतो. येथपर्यंत ती बरोबर आहे. परंतु गोळा सरळ रेषेत जात नसून वर्तुळाच्या कंसावर जातो आहे, आणि मध्यावर त्याचा वेग सर्वाधिक आहे. वळत्या मार्गावर ठेवण्यासाठी वर्तुळाच्या केंद्राकडे, म्हणजे येथे वर आधाराकडे, बल लागतेच. ते अभिकेंद्री बल वजन पेलून उरलेल्या ताणातून मिळते. म्हणून मध्यावर ताण वजनापेक्षा जास्त असतो, आणि टोकाला वजनापेक्षा कमी.

किती जास्त, ते ऊर्जेच्या हिशेबाने काढता येते: तीनातून कोनाच्या कोज्येची (कोसाइनची) दुप्पट वजा करावी आणि वजनाने गुणावे. साठ अंशांतून सोडलेल्या गोळ्याचा दोरा मध्यावर वजनाच्या दुप्पट ताणला जातो. नव्वद अंशांतून सोडला तर तिप्पट. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या झोक्यावर जिने उंच झोके घेतले आहेत तिला हे अंगाने ठाऊक असते: टोकाला पोटात हलके वाटते, आणि खालून जाताना फळी खालून वर दाबल्यासारखी वाटते. दोरखंड तुटतो तो बहुधा खालून जाताना, वर असताना नाही. मुली उभ्याने झोका घेऊ लागल्या की तो थोडा भराभर येऊ लागतो, त्याचे कारण मात्र लांबीचे आहे. उभे राहिल्यावर शरीराचा गुरुत्वमध्य फांदीच्या जवळ गेला, म्हणजे लंबक आखूड झाला.

शेवग्याची_शेंग
तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. गोळा सोडताना बोटांनी त्याला थोडा आडवा धक्का बसला, एवढेच कारण आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे झोक्याची दिशा वळते हे फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून दाखवले, परंतु ती वळण्याची गती फार मंद असते. ध्रुवावर ती तासाला १५ अंश असते आणि इतरत्र अक्षांशाच्या ज्येने (साइनने) गुणून मिळते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत असा लंबक आहे. तेथे हे वळण तासाला पाच अंशांहूनही कमी भरते. चाळीस सेकंदांच्या आपल्या प्रयोगात ते एका अंशाचा विसावा भाग होईल, जे कोणत्याही डोळ्याला दिसणार नाही. फूकोलाही आडव्या धक्क्याची भीती होती, म्हणून तो गोळा दोऱ्याने बाजूला बांधून ठेवी आणि तो दोरा जाळून टाकी. वर्गात काडी पेटवू देत नाहीत. गोळ्याला पट्टीने अडवून पट्टी झटकन मागे ओढली तरी काम भागते.

मुलीला वेळ असेल तर हा प्रयोग तिने घरी गोळ्याऐवजी कुलूप टांगून करावा. कुलपाचा गुरुत्वमध्य कोठे आहे हे तिला माहीत नसेल, आणि आलेख काढायचा असल्यामुळे माहीत असण्याची गरजही नाही. एकच काळजी घ्यावी, दोरा खिळ्याला नुसता बांधू नये, कारण झुलताना तो खिळ्याभोवती किंचित गुंडाळतो आणि आधाराचा बिंदू सरकतो. दोन फुटपट्ट्यांच्या फटीत तो घट्ट आवळावा.

अवांतर: हिंदीत लंबकाला लोलक म्हणतात आणि मराठीत लोलक म्हणजे प्रिझम. हिंदी पुस्तकावरून टिपण काढणाऱ्या एका विद्यार्थ्याने लोलकाची आकृती म्हणून काचेचा त्रिकोण काढून त्याला दोरा बांधला होता.

सातारकर_बाबा
रविवारी पितळी कुलूप घेऊन प्रयोग केला. या वेळी मोजणी माझ्याकडे होती आणि "शून्य" म्हणायला मला दोनदा विसर पडला, त्यामुळे ती वाचने तिने खोडली. दाराच्या चौकटीवर फुटपट्ट्या बसवल्या, मागे खडूची रेघ मारली आणि दोरा गाठीपर्यंतच मोजला.

दोरा ५० सेंमी, वीस दोलनांना २९.४ सेकंद
दोरा १०० सेंमी, ४०.८ सेकंद
दोरा १५० सेंमी, ४९.८ सेकंद

आलेखाचा चढ ४.०४ आला, जी ९.७७, आणि छेदबिंदूवरून कुलपाचा गुरुत्वमध्य गाठीखाली साडेतीन सेंटिमीटरवर असल्याचे निघाले. मग तिने कुलूप आडवे करून पेन्सिलीवर तोलून पाहिले. ते जेथे तोलले तेथे तिने पेनाने खूण केली, आणि कडीच्या माथ्यापासून पट्टी लावली. तीन सेंटिमीटर सहा मिलिमीटर.

जर्नलमध्ये तिने जुना तक्ता न खोडता त्याखाली दुरुस्त केलेला तक्ता, आलेख आणि कुलपाचे वाचन जोडले आहे. सही अजून व्हायची आहे.